अंतराची किंमत शरीर मोजते

सोलापुरातून अक्कलकोट रस्त्याला लागले की दहा-बारा किलोमीटरवर कुंभारी येते. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव राज्याला माहीत झाले ते घरांमुळे. १ सप्टेंबर २००६ रोजी तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते इथली दहा हजार घरे विडी कामगार महिलांना मिळाली. नरसय्या आडम, म्हणजे सोलापूरकरांचे आडम मास्तर, यांच्या नेतृत्वाखाली सिटू या कामगार संघटनेने ही योजना लढून मिळवली होती. घरांचा खर्च केंद्र, राज्य आणि खुद्द कामगार महिला यांनी मिळून उचलला. वारली आदिवासींच्या लढ्याच्या नेत्या कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांचे नाव वसाहतीला दिले गेले. पुढे याच परिसरात रे नगर उभे राहू लागले. असंघटित कामगारांसाठीचा हा ३० हजार घरांचा प्रकल्प. त्यातली १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते लोकांना मिळाली.

ज्या बाईने उभा जन्म झोपडपट्टीतल्या दमट, अंधाऱ्या खोलीत विड्या वळल्या, तिच्या नावावर पक्के घर होणे ही आरोग्याच्या दृष्टीनेही फार मोठी गोष्ट आहे. उजेड, खेळती हवा, कोरडी जमीन, स्वतःचे शौचालय यांनी खोकला, जुलाब, त्वचारोग कमी होतात, हे सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र दीडशे वर्षे सांगत आले आहे. पण घर, पाणी आणि शौचालय यांच्या जोडीला आरोग्याचा आणखी एक आधार असतो, आणि योजना आखताना तोच बहुतेक वेळा कागदाबाहेर राहतो. तो म्हणजे जाणे-येणे. काम, शाळा, बाजार, दवाखाना, माहेर या सगळ्यांपर्यंत माणूस कसा पोचतो, किती वेळात पोचतो, आणि पोचेपर्यंत त्याच्या शरीराचे काय होते? कुंभारीसारख्या गावाकडे या प्रश्नांच्या अंगाने पाहिले, तर वाहतूक हा आरोग्याचाच विषय आहे हे स्पष्ट दिसते.

भोंग्याच्या टप्प्यातले शहर

सोलापूर हे एके काळी चालत कामावर जाणाऱ्यांचे शहर होते. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये सोलापूरकर जिला आजही ‘जुनी मिल’ म्हणतात ती गिरणी सुरू झाली, आणि गिरण्यांच्या भोवती कामगारांच्या चाळी वसत गेल्या. घड्याळ परवडत नसे, पण भोंगा घरात ऐकू येई. भोंग्याच्या टप्प्यात राहणारा माणूस पायी गिरणीत जाई आणि पायीच परत येई. त्या चाळींचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. तिथे क्षय होता, गर्दी होती, आणि प्लेगच्या साथीत अशा वस्त्यांचे हाल झाले. तरीही कामावर जाण्यासाठी वेगळा पैसा आणि वेगळा वेळ लागत नव्हता.

गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. काम यंत्रमागाच्या शेडमध्ये, रेडिमेड कपड्यांच्या शिलाईत आणि विडीत विखुरले. शहराच्या पूर्व भागातल्या दाट वस्तीत हे व्यवसाय आणि ते करणारी माणसे एकमेकांना लागून राहिली. घरे मात्र अपुरी आणि मोडकी. मग गरिबांसाठी घरे बांधायची ठरली, तेव्हा जमीन कुठे मिळणार? जिथे स्वस्त आहे तिथे, म्हणजे शहराबाहेर. हे गणित जगभर असेच सुटते. घर स्वस्त पडते, पण उरलेली किंमत रोजच्या प्रवासात, आयुष्यभर हप्त्याहप्त्याने फेडावी लागते.

अहमदाबादच्या सोडतीने दाखवलेले

या किमतीचा अभ्यास झाला आहे, आणि तोही विडी कामगार महिलांचाच. १९८७ मध्ये अहमदाबादेत झोपडपट्टीत राहणाऱ्या विडी कामगार महिलांसाठी घरांची सोडत काढली गेली. घरे चांगली होती, भाडे सवलतीचे होते, पण वसाहत शहराच्या मध्यापासून सुमारे १२ किलोमीटर दूर होती. चौदा वर्षांनी अर्थशास्त्रज्ञांनी सोडत लागलेल्या आणि न लागलेल्या कुटुंबांची तुलना केली. सोडत लागलेल्यांपैकी ३४ टक्के कुटुंबे मुळात राहायलाच गेली नव्हती आणि आणखी ३२ टक्के चौदा वर्षांच्या आत घर सोडून परतली होती. जी टिकली त्यांचे घर सुधारले होते, पण कुटुंबाच्या मिळकतीत किंवा मुलांच्या वाटचालीत फरक दिसला नाही. उलट एकटेपणा वाढला होता. अडीनडीला हात देणारी माणसे दूर गेली होती.

कुंभारीत एक गोष्ट मुळात वेगळी घडली. इथे सोडतीने विखुरलेली मोजकी कुटुंबे आली नाहीत. एकाच धंद्यातली, एकाच संघटनेतली दहा हजार कुटुंबे एकत्र आली. शेजारणी आल्या, उसनवारी आली, सणवार आले, तेलुगू-मराठी-कन्नड अशी सोलापुरी बोलीही आली. वस्ती नांदती राहिली त्यामागे हे मोठे कारण मानायला हवे. आजारपणात डबा देणारी, लेकराला सांभाळणारी शेजारीण जवळ असणे हीसुद्धा आरोग्यसेवाच आहे. तरी अंतर उरतेच. कारण शेजारीण सोबत आली, म्हणून यंत्रमागाची शेड, मोठा बाजार, कॉलेज आणि सिव्हिल हॉस्पिटल सोबत येत नाहीत.

नगावरची मजुरी आणि प्रवासातला वेळ

विडीचे काम जवळून पाहिले म्हणजे हे अंतर कुठे टोचते ते कळते. तेंदूची पाने भिजवायची, फडक्यात मुरवायची, पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने कापायची. मांडीवर सूप, सुपात पाने आणि तंबाखू. चिमूटभर तंबाखू पानावर पसरून बोटांनी वळायचे, टोक दुमडायचे, दोऱ्याने बांधायचे. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने. मान खाली, पाठ वाकलेली, नाकात तंबाखूची धूळ, आणि हे तासन्‌तास. तयार माल विडी कंपनीच्या ब्रँचमध्ये नेऊन द्यायचा, तिथे तो तपासला जातो, खराब विड्या बाजूला काढल्या जातात, आणि पुढचे पान-तंबाखू घेऊन परतायचे.

मजुरी नगावर असली की वेळेचा अर्थ बदलतो. पगारदाराचा तासभर बसमध्ये गेला तर त्याचा पगार कापला जात नाही. विडी वळणारीचा तास गेला, की तितक्या विड्या कमी झाल्या. प्रवास तिला दोनदा पैसे मोजायला लावतो, एकदा तिकिटाचे आणि एकदा न वळलेल्या विड्यांचे. ही तूट ती कुठून भरून काढते? झोपेतून. पहाटे तासभर आधी उठून, रात्री दिव्याखाली तासभर जास्त बसून. कमी झोपेचा संबंध रक्तदाब, मधुमेह, चिडचिड आणि नैराश्याशी आहे, हे आता वैद्यकशास्त्रात पक्के झाले आहे. म्हणून ब्रँच वसाहतीतच चालत्या अंतरावर असणे आणि ती शहरात असणे, यात सोयीबरोबर प्रकृतीचाही फरक आहे.

बाईचा प्रवास पुरुषाच्या प्रवासापेक्षा वेगळाही असतो. पुरुष बहुधा घरून कामावर आणि कामावरून घरी जातो. बाई मुलाला शाळेत सोडते, माल पोचवते, रेशन घेते, सासूची औषधे आणते आणि मग घर गाठते. एका फेरीत चार थांबे. प्रत्येक थांब्यावर नवे तिकीट असेल, तर तिचा प्रवास सर्वांत महाग पडतो. मार्ग आखताना मात्र सकाळ-संध्याकाळची कारखान्याची आणि कचेरीची गर्दीच मोजली जाते.

मनावरचा ताणही मोजून झाला आहे. २००४ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काह्नेमन आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार महिलांना आदल्या दिवसाचा घटनाक्रम लिहायला सांगून प्रत्येक वेळी कसे वाटले ते विचारले. सकाळचा कामावर जायचा प्रवास यादीत सगळ्यांत तळाला निघाला. त्या महिला बहुतेक मोटारीत बसून जाणाऱ्या होत्या. वडापच्या खासगी जीपमध्ये दाटीवाटीने, पाय आखडून, ओळखीपाळखी नसलेल्या पुरुषांमध्ये अंग चोरून बसणाऱ्या बाईला काय वाटत असेल, याचा अंदाज यावरून करता येतो.

थांब्यावर, पायी, धुरात

सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. एप्रिल-मे महिन्यात दुपारी बिनछपराच्या थांब्यावर अर्धा तास उभे राहणे म्हणजे शरीराला पाणी आणि क्षार गमावायला लावणे. त्यात बायका बाहेर पडताना मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण वाटेत जायला जागा नसते. लघवी तुंबवून ठेवण्याने आणि कमी पाणी पिण्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, मुतखड्याचा धोका वाढतो. या आजाराचे कारण डॉक्टर पाणी कमी पिणे असे लिहितो. त्यामागचे कारण थांब्यावर स्वच्छतागृह नसणे हे असते, आणि ते कुठल्याच केसपेपरवर येत नाही.

चालणे मात्र हिताचे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. या शास्त्राची सुरुवातच बसमध्ये झाली. लंडनचे डॉक्टर जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी होता आणि झालाच तर सौम्य होता. ड्रायव्हर नोकरीला लागतानाच जाड होते का, अशी शंका पुढे आली. मॉरिस यांनी गणवेशाच्या मापांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर खरोखरच जास्त असल्याचे दिसले. पण पायी आणि सायकलने टपाल वाटणारे पोस्टमन व टेबलावर बसणारे कारकून यांच्यातही तोच फरक आढळल्याने हालचालीचे महत्त्व टिकून राहिले. थांब्यापर्यंत दहा मिनिटे चालणारा बसप्रवासी रोज वीस मिनिटांचे हे औषध घेतो. दारातून दुचाकी काढणाऱ्याला ते मिळत नाही. मांडी घालून दिवसभर विडी वळणाऱ्या बाईला तर त्याची फारच गरज आहे. अट एवढीच, की चालायला पदपथ हवा, उजेड हवा आणि सावली हवी.

हवाही हवी. प्रदूषणाच्या बाबतीत राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात घ्यावी लागलेल्या महाराष्ट्रातल्या शहरांत सोलापूर आहे. पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडचे मानक ४० आहे. रस्त्याकडेची धूळ, जुन्या वाहनांचा धूर आणि कचरा जाळणे यांचा सगळ्यांत जास्त वाटा कोणाच्या छातीत जातो? काचा लावून जाणाऱ्याच्या नव्हे, तर थांब्यावर उभ्या असणाऱ्याच्या. विडी कामगाराच्या फुप्फुसात आधीच तंबाखूची धूळ असते. त्यावर ही भर पडते.

चौपदरी रस्त्यावरचा ‘कट’

वस्तीशेजारून मोठा रस्ता जातो तेव्हा विकास आला असे वाटते, आणि एका अर्थी तो येतोही. सोलापूर-अक्कलकोट रस्ता रुंद झाल्याने दळणवळण वेगवान झाले. स्वामी समर्थांच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्या, पुढे गाणगापूर, कलबुर्गीकडची वाहतूक, उसाच्या हंगामातले ट्रॅक्टर, हे सगळे याच पट्ट्यात. अशा रस्त्यावर डिव्हायडरला जिथे कट असतो तिथून गावातली माणसे, सायकली, शेळ्या आणि शाळेची पोरे ओलांडतात. कट लांब असला की दुचाकीस्वार राँग साइडने येतो. अपघात नेमका तिथेच होतो.

त्यामागचे भौतिकशास्त्र सोपे आहे. गाडीचा वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ताशी ३० किलोमीटर वेगाने बसलेल्या धडकेतून पायी माणूस बहुधा वाचतो, आणि वेग त्याच्या पुढे जाऊ लागला की वाचण्याची शक्यता झपाट्याने घसरते. सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्के वाढतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आहे. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. देशभरातल्या मृतांत दुचाकीवरचे जवळजवळ ४५ टक्के होते आणि पायी चालणारे सुमारे २० टक्के. म्हणजे मरणाऱ्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोकांच्या अंगाभोवती पत्र्याचे कवच नव्हते. घरातला कमावता माणूस असा गेला किंवा अंथरुणाला खिळला, की त्या पक्क्या घरात पुन्हा कर्ज आणि उपासमार शिरते.

यावरचे उपाय माहीत आहेत. वस्तीपाशी वेग कमी करणारी रचना, ओलांडायला सुरक्षित जागा, सर्व्हिस रोड, दिवे आणि हेल्मेट. चांगल्या हेल्मेटने डोक्याच्या दुखापतीचा आणि मृत्यूचा धोका मोठ्या प्रमाणात कमी होतो. ते डबलसीट बसलेल्या बायकोच्या आणि मुलाच्या डोक्यावरही हवे. अपघातग्रस्ताला उचलून दवाखान्यात नेणाऱ्याला पोलिसांचा त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम १३४ अ घातले आहे. मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. हे प्रत्येक रिक्षावाल्याला आणि टपरीवाल्याला माहीत असायला हवे, कारण पहिल्या तासात पोचलेला रुग्ण वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

दवाखाना आणि त्याची वाट

बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास करताना सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये तीन उशिरांची मांडणी केली. उपचार घ्यायचे ठरवायला होणारा उशीर, दवाखान्यात पोचायला होणारा उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला होणारा उशीर. दुसरा उशीर सरळसरळ वाहतुकीचा आहे. पण पहिल्यातही तो लपलेला असतो. ‘आता या वेळी गाडी कुठली मिळणार, सकाळी बघू,’ असे घरात बोलले जाते, तेव्हा निर्णय वाहनाअभावी पुढे ढकललेला असतो.

या बाबतीत कुंभारी नशीबवान. अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय गावातच आहे. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवाही आहे. तातडीच्या प्रसंगी या दोन्ही गोष्टी जीव वाचवतात. मात्र बहुतेक आजार तातडीचे नसतात. रक्तदाबाच्या गोळ्या, साखरेची तपासणी, क्षयरोगाचे महिनोन्‌महिने चालणारे औषध, गरोदरपणातल्या तपासण्या, यांसाठी १०८ येत नाही. सरकारी औषध फुकट असते, पण सिव्हिलपर्यंतचे जाण्या-येण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी फुकट नसते. सोबत कोणाला न्यावे लागले तर हा खर्च दुप्पट. मग एक फेरी चुकते, गोळ्या मधेच सुटतात. क्षयरोगात औषध मधेच सुटणे म्हणजे जंतूला औषध पचवायची संधी देणे. नियमित बस असलेल्या आणि नसलेल्या वस्तीत औषध पुरे करणाऱ्यांचे प्रमाण वेगळे राहिले, तर दोष एकट्या रोग्याच्या माथी मारता येणार नाही.

तिकीट स्वस्त झाले की

वाहतूक सुधारल्यावर आयुष्य कसे बदलते, याचे पुरावे आपल्याच देशात आहेत. बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे देणे सुरू केले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. शाळेत टिकलेल्या मुलीचे लग्न उशिरा होते, पहिले बाळंतपण उशिरा होते आणि बाळ सुदृढ असण्याची शक्यता वाढते. सायकलीचा परिणाम पुढच्या पिढीच्या वजनावरही दिसू शकतो. महाराष्ट्रातही अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. हे शिक्षणाइतकेच आरोग्याचेही काम आहे.

तमिळनाडूने २०२१ मध्ये महिलांना साध्या बसमधून मोफत प्रवास दिला. कुंभारीहून फार दूर नसलेल्या सीमेपलीकडे, कर्नाटकात, ११ जून २०२३ पासून शक्ती योजना सुरू झाली. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास. तिकिटातून वाचलेले पैसे दूध, भाजी, औषध यांवर जातात. बाईला घरात न विचारता बाहेर पडता येते, हा फायदा तर रुपयांत मांडताच येत नाही. पण सवलत कागदावर कितीही मोठी असली, तरी बसच आली नाही तर तिचा उपयोग शून्य. थांब्यावर वाट पाहून शेवटी वडापमध्ये बसणारी बाई पूर्ण भाडे मोजते.

म्हणून यापुढे गरिबांसाठी वसाहत मंजूर करताना तीन गोष्टी घराच्या आराखड्यातच धराव्यात. किल्ली देण्याच्या दिवसापासून ठरलेल्या वेळी धावणारी बस. वसाहतीत किंवा तिच्या कडेला कामाची जागा, शाळा आणि औषध देणारे आरोग्य केंद्र. आणि मोठा रस्ता सुरक्षित ओलांडता येईल अशी सोय. बसचा तोटा ताळेबंदात दिसतो म्हणून फेऱ्या बंद केल्या जातात. बस नसल्याने बुडालेली मजुरी, तुटलेली झोप, सुटलेले औषध आणि मोडलेली हाडे मात्र कोणाच्याच ताळेबंदात येत नाहीत. ती मोजायला सुरुवात केली, तर बस चालवणे स्वस्त ठरेल.

वाचकांनीही आपल्या गावात, आपल्या वॉर्डात हे मोजावे. दवाखान्यात जायला किती वेळ आणि किती भाडे लागते, थांब्यावर सावली आहे का, शेवटची बस किती वाजता आहे, मुली कुठे रस्ता ओलांडतात, हे एका कागदावर लिहावे आणि तो कागद ग्रामसभेत किंवा नगरसेवकापुढे ठेवावा. घराची मागणी करून सोलापूरच्या विडी कामगार महिलांनी ती पुरी करून घेतली. बसची मागणीही तितक्याच जोराने करायची वेळ आली आहे.